रॅले नसलेली सायकल

दारव्हा तालुक्यातील आमच्या मामांच्या घरी गोठ्याच्या आढ्याला सायकलची एक फ्रेम कित्येक वर्षे टांगलेली होती. चाके नव्हती, सीट नव्हती. हँडल गंजून चिमट्याच्या नळीत घट्ट रुतून बसलेले होते. रंग हिरवा, घराच्या दारांना दिलेला तोच. उजव्या बाजूला पायडलच्या दांडीसह दातेरी चक्र मात्र शिल्लक होते, आणि घराण्याचा सारा अभिमान त्या चक्रात साठलेला होता. त्याच्या पोलादी नक्षीत बगळ्याची तीन डोकी कापलेली आहेत. "रॅले आहे बाप्पा ते," मामा सांगत. "हे बगळ्यायचे डोके पाय. तवा अख्ख्या गावात दुसरी नोती."

गोठा पाडायचा ठरला तेव्हा फ्रेम माझ्याकडे आली. मामांची अट एकच होती: सायकल पुन्हा चकाचक करून आणायची. वरवर पाहता ही अट अगदी रास्त वाटते. प्रत्यक्षात तिच्यात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला ते टाळता येत नाहीत. ही वस्तू नेमकी काय आहे, हा पहिला. तिला कोणत्या काळातील रूपात परत न्यायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न मिळवता दुसऱ्याकडे वळणे म्हणजे पोथी न वाचताच ती शुद्ध करायला बसणे होय.

ओळख पटवताना पहिला नियम असा की जे भाग पान्याने सुटतात त्यांची साक्ष दुय्यम मानावी. सायकल हे बदलत्या भागांचे यंत्र आहे. टायर दोन-चार वर्षांत झिजतो, साखळी आणि फ्रीव्हील त्यानंतर, पायडल कधीही. ४०-५० वर्षे वापरात राहिलेल्या सायकलीत मूळ दुकानातून आलेले असे फ्रेमखेरीज फारसे काही उरत नाही. बगळ्याची डोकी हे नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे चिन्ह खरे. पण ज्या दांडीवर ते चक्र बसते ती दांडी एका कॉटर पिनेने आसाला अडकवलेली असते. हातोडीच्या दोन ठोक्यांत पिन निघते आणि दुसऱ्या सायकलीचे चक्र बसवता येते. शिवाय हे चिन्ह नॉटिंगहॅमहूनच आले असेल असेही नाही. सेन-रॅले कंपनीचा कारखाना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस आसनसोलजवळ उभा राहिला आणि रॅले हे नाव भारतातच घडू लागले. तेव्हा चक्रावरून एवढेच सिद्ध होते की या फ्रेमवर कोणे एके काळी रॅलेचे चक्र बसवले गेले.

फ्रेमच्या कपाळावर, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवर, नावाच्या पट्टीची दोन भोके होती, पट्टी नव्हती. सीटखालच्या सांध्यावर हाताने ठोकलेले आकडे होते, त्यांतला एक इतरांपेक्षा किंचित कललेला. आकड्यांना अर्थ येतो तो कारखान्याच्या नोंदवहीमुळे, आणि कारखाना कोणता हाच तर प्रश्न होता. म्हणून मोर्चा आट्यांकडे वळवला.

पायडलचा आस ज्या आडव्या पोकळ नळीतून जातो तिला सायकलवाले बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात आणि त्यांत छर्ऱ्यांचे कप बसतात. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला मनुष्य सगळा जोर चुकीच्या दिशेने लावतो. चार दिवस रॉकेलमध्ये भिजवल्यावर कप सुटले. आतले आटे मोजले तेव्हा एका इंचात २४ भरले. घराण्याच्या दंतकथेला येथे पहिला तडा गेला. कारण रॅलेने आपल्या नेहमीच्या सायकलींसाठी इंचाला २६ आटे हे स्वतःचे खास माप ठेवले होते. नावाची पट्टी उपटता येते, रंग बदलता येतो, चक्र बदलता येते. पण घट्ट झाळलेल्या नळीच्या आतले आटे कोणी २६ वरून २४ वर आणत नाही. ही फ्रेम रॅले नव्हती.

मग कोणाची? हिरवा रंग थोडा खरवडल्यावर बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली तीन बंदुकांची जुडी दिसली. बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. हे बीएसएचे चिन्ह. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी १८६१ साली बंदूक तयार करणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन स्थापन केली. बंदुकीला मागणी नसे त्या काळात तिच्या यंत्रांना काम हवे, म्हणून १८८० पासून ती सायकलीकडे वळली. इंचाला २४ आटे हे मापही तिचेच. पुढे ते इतके रुळले की आज जगभरातील नव्या सायकलींत वापरल्या जाणाऱ्या या आट्यांना 'बीएसए' म्हणूनच ओळखतात. रॅले गेली तरी बीएसए हाती लागली, अशा समाधानात मी काही दिवस होतो.

ते समाधानही टिकले नाही, आणि त्यामागचा इतिहास सायकलीच्या व्यापाराचा एक विस्मृत पैलू उघड करतो.

जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली कॉव्हेंट्री येथे 'रोव्हर' सायकल सिद्ध केली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. पुढील काही वर्षांत फ्रेमची चौकट आज आपण पाहतो त्या आकारात स्थिर झाली. आकार ठरला म्हणजे सुटे भागही ठरतात. सरळ पोलादी नळ्या, आणि त्या ज्यात खोचायच्या ते कोपरे. इंग्रज कारागीर त्यांना 'लग' म्हणतात. बीएसएने १८९३ पासून सायकलीचे सुटे भाग तयार करण्यास आरंभ केला आणि यथावकाश लग, बॉटम ब्रॅकेट, चिमट्याचा माथा, हब असा संपूर्ण संच ती विकू लागली. हा संच आणि नळ्या घेऊन ज्याच्याकडे भट्टी आणि कानस होती असा कोणीही सायकल बांधू शकत असे. इंग्लंडमधील लहान गावांतील दुकानदार, ऑस्ट्रेलियातील लोहार, सर्वांनी तशा त्या बांधल्या आणि त्यांवर आपापल्या नावाच्या पट्ट्या लावल्या. म्हणजे बॉटम ब्रॅकेटवरील तीन बंदुका तो भाग कोणी ओतला वा घडला ते सांगतात. फ्रेम कोणी बांधली ते सांगत नाहीत. वाटेतला विनोद असा की १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभाग रॅलेनेच विकत घेतला. भारतात बीएसए हे नाव मद्रासजवळच्या अंबत्तूर येथील टीआय सायकल्सच्या सायकलींवर झळकू लागले. नावे अशी घरे बदलत असतात.

या फ्रेमच्या सांध्यांकडे पाहिले असता हाताचे काम स्पष्ट दिसते. लगच्या कडा कानशीने पातळ केलेल्या आहेत, पण डाव्या बाजूची कड उजवीपेक्षा जाड राहिली आहे. प्रत्येक सांध्यात एका बारीक खिळ्याचे डोके दिसते. झाळण्यापूर्वी नळी लगमध्ये सरकू नये म्हणून छिद्र पाडून ती अशी खिळवीत. मग टाकणखार लावून सांधा लाल होईपर्यंत तापवायचा आणि पितळ आत सोडायचे. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला वितळते, पोलाद सुमारे १५०० अंशांना. या अंतरावर सारी विद्या उभी आहे. उष्णता कमी पडली तर पितळ आत शिरत नाही आणि जास्त झाली तर नळीचा कस जातो. भट्टीपुढच्या माणसाला मापक यंत्र नसे. पोलादाच्या रंगावरून तो ओळखत असे. आपल्याकडील तांबट आणि सोनार टाकणखार वापरून हेच करीत आले आहेत.

तेव्हा ओळखीचा निष्कर्ष असा: बीएसएच्या सुट्या भागांतून, हाताने बांधलेली फ्रेम. काळ ठरवताना मराठी वाङ्मयेतिहासकार कवीचा काळ ठरवतात तीच रीत वापरावी लागते. पूर्वसीमा १८९३, कारण त्याआधी हे भाग नव्हते. उत्तरसीमा मामांच्या स्मरणातून येते. त्यांचा जन्म १९४६ चा. ते सात-आठ वर्षांचे असताना ही सायकल घरात होती आणि तेव्हाच ती 'जुनी' म्हणवली जात होती. देशी कारखाने तोवर नुकतेच उभे राहत होते. टीआय सायकल्स १९४९ ची, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. त्याआधीची यवतमाळकडील सायकल म्हणजे बहुतांशी बोटीने मुंबईला उतरलेला माल. तेथून मूर्तिजापूरपर्यंत मोठ्या रुळांवरून आणि पुढे दारव्हा-यवतमाळकडे जाणाऱ्या ११३ किलोमीटरच्या अरुंद मार्गावरून, जिला सारे 'शकुंतला' म्हणतात त्या गाडीने, असा तिचा स्वाभाविक प्रवास. इंग्लंडचा कापसाशी असलेला संबंध ज्या रुळांनी जपला, त्याच रुळांवरून सायकलही उलट दिशेने आली.

आता हिरवा रंग. सायकलचे जुने काम करणाऱ्या एका जाणकाराने फ्रेम पाहताक्षणी उपाय सांगितला होता: वाळूचा मारा करून सगळा रंग काढावा आणि वर पावडर कोटिंग करावे. एका दिवसाचे काम, आणि दिसायलाही सुरेख. परंतु वाळू जुना रंग आणि नवा रंग यांत भेद करीत नाही. ती कानशीच्या खुणाही बोथट करते. भट्टीत भाजलेला पावडरचा थर पुन्हा इतका जाड की ठोकलेले आकडे त्याखाली बुजतात. म्हणून मी मंद उपाय निवडला. एका झाकल्या कोपऱ्यात आधी प्रयोग करून, रंग मऊ करणारे द्रव्य लावून, लाकडी पट्टीने एकेक थर उचलला. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

हिरव्याखाली चंदेरी थर निघाला आणि त्याखाली मूळचे काळे, भट्टीत भाजलेले इनॅमल. नळ्यांच्या कडेने सोनेरी रेघ आली. हाताने ओढलेली, एका ठिकाणी कुंचला थांबून पुन्हा सुरू झाला ते दिसते. सीटच्या नळीवर चिकटचित्राचा पुसट अंश होता. त्यातील वरची अक्षरे गेली आहेत. खाली रोमन लिपीत 'बॉम्बे' एवढे वाचता येते. वाळूच्या माऱ्यात हे सारे पाच मिनिटांत उडाले असते. त्या काळी विक्रेतेही आपले नाव सीटच्या नळीवर लावीत, म्हणून या शब्दाचा अर्थ 'मुंबईत बांधली' असा घेणे योग्य नव्हे. पण सायकल कोणत्या दारातून देशात आली ते त्याने सांगितले.

आणि मग पुढच्या तिरक्या नळीवर, लगपासून चार बोटे खाली, ती जागा आली. हिरव्या रंगाखाली तेथे नळी जाड लागत होती; गंजाचा फुगवटा असेल असे वाटले होते. रंग निघाल्यावर दिसले की मूळ नळीवर दुसऱ्या, थोड्या रुंद नळीचा सुमारे वीतभर तुकडा बाहीसारखा चढवलेला आहे. तो लांबीत चिरून, उघडून, वरून बसवून मिटवलेला. दोन्ही टोके सरळ न कापता माशाच्या शेपटीसारखी तिरपी कापलेली. कडेने पितळेची पिवळी रेघ अखंड फिरलेली.

मामांना फोन केला. त्यांना आठवत होते. पावसाळ्यात उतारावर सायकल बैलगाडीच्या चाकावर आदळली आणि नळी वाकून फुटली. "मंग जिनातल्या मिस्त्रीनं करून देल्ली," ते म्हणाले. "पैसेबी घेतले नाई. दिवाळीले फराळ देल्ला होता."

या एका वाक्याने फ्रेमचा इतिहास बर्मिंगहॅमहून वऱ्हाडात आला. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, इंग्लंडला कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडच्या कापसाचे महत्त्व एकदम वाढले. रेल्वे आली, पाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. सरकी वेगळी करणारे मॅकार्थी पद्धतीचे जिन, बॉयलर, पट्टे आणि चाके ही सारी यंत्रे विलायतेची. पण हंगामाच्या मध्यावर जिन बंद पडला तर सुटा भाग मागवायला सवड नसे. यवतमाळ-दारव्ह्याच्या जिनात काम करणाऱ्या मिस्त्रीला जे हाती असेल त्यातून भाग घडवावा लागे. त्याच्याकडे भट्टी होती, पितळ होते, कानस होती. आणि नळीच्या तुकड्याची टोके तिरपी का कापावीत हे त्याला कळत होते: सरळ कापले असते तर सगळा ताण एकाच वर्तुळावर येऊन नळी तेथे पुन्हा तुटली असती. हे शास्त्र त्याने पुस्तकात वाचले असो वा नसो, नळीवर ते बरोबर उतरले आहे. शकुंतलेचे १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावत राहिले, तेही अशाच हातांच्या जोरावर. या जिल्ह्याच्या यंत्रविद्येचा इतिहास लिहायचा तर तो मुख्यतः दुरुस्तीचा इतिहास असेल आणि त्यात नावे फार थोडी असतील.

जाणकाराचा सल्ला या जागी स्पष्ट होता: बाही काढावी, फुटकी नळी कापून नवी घालावी, म्हणजे फ्रेम 'मूळ रूपात' येईल. पाठचिकित्सेच्या भाषेत बाही हा प्रक्षेप आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःच्या ओव्या घालणाऱ्यांना ताकीद दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तीही असंख्य प्रक्षेप बाजूला काढूनच. मग येथे तोच न्याय का लावू नये?

कारण पोथी आणि फ्रेम यांत एक मूलभूत भेद आहे. भांडारकरच्या संपादकांनी वगळलेले श्लोक तळटीपेत आणि परिशिष्टात जपले. मूळ हस्तलिखितांना धक्का लागला नाही. फ्रेमला तळटीप नसते. बाही कापली की ती भंगारात जाते, आणि तिच्या जागी येणारी नवी नळी आजची असते, बर्मिंगहॅमची नव्हे. म्हणजे १९५४ च्या आसपासचा खरा पुरावा नष्ट करून आपण त्याहूनही जुना दिसणारा एक आभास निर्माण करतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत हेच तत्त्व मांडले: अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूवर निरनिराळ्या काळांनी केलेल्या रास्त कामाचा मान राखला पाहिजे. उत्साहाची किंमत आपल्याकडे अजिंठ्याने मोजली आहे. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचे वार्निश चढवले; हेतू जतनाचाच होता. पुढे ते वार्निश काळवंडले आणि ते उतरवण्यात नंतरच्या पिढ्यांचे श्रम गेले.

तरीही सायकल हे चालवायचे वाहन आहे. भावनेपायी कोणाचे दात पाडता येत नाहीत. म्हणून बाहीची परीक्षा घेतली. नळीला रॉकेल लावून पुसले आणि वर खडूची पूड चोळली. कुठे बारीक चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल पुन्हा बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. बाहीवर आणि तिच्या कडांवर अशी रेघ उमटली नाही. नंतर मागच्या आसाच्या एका खाचेपासून निघून, कपाळाच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या खाचेपर्यंत दोरी ताणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. फरक अडीच मिलिमीटरचा. मिस्त्रीने सायकल नुसती जोडली नव्हती. ती सरळही केली होती.

बाही राहिली. काळे इनॅमल जेथे आहे तेथे ते राहिले. जेथे गेले आहे तेथे नवा रंग न देता उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले आणि नळ्यांच्या आतही ते फिरवले. हे काम करणाऱ्याने तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावेत. बगळ्यांचे चक्रही तेथेच ठेवले. फ्रेम रॅले नाही म्हणून ते काढावे असे क्षणभर वाटले होते. पण कोणीतरी कधीतरी ते हौसेने बसवले, हेही या सायकलीच्या चरित्रातले सत्यच आहे.

सायकल घेऊन दारव्ह्याला गेलो तेव्हा मामांची प्रथम निराशाच झाली. "रंग नाई देल्ला?" मग रॅले नसल्याचे सांगितले, ते त्यांना पटले नाही आणि मीही फार ताणले नाही. बाही दाखवली तेव्हा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मिस्त्रीचे नाव आठवण्याचा बराच वेळ प्रयत्न केला. आठवले नाही. मामींनाही नाही. गावात विचारून सांगतो म्हणाले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी फ्रेम असेल तर एवढेच सुचवावेसे वाटते: रंगाऱ्याकडे देण्याआधी तिची छायाचित्रे घ्यावीत, आटे मोजावेत, आकडे कागदावर उतरवावेत, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला ती कधी आणि कोणी दुरुस्त केली ते विचारावे. यांपैकी शेवटचे काम सर्वांत आधी करावे.